मृगाच्या आधी घरच्या घोड्यांसाठी

वळवाचा पहिला पाऊस आला की मी पागेत जाऊन उभी राहते आणि वर बघते. मे महिन्यातला हा पाऊस वाऱ्यासकट आडवा येतो. पत्रा कुठे गळतो, कुठला हूक सैल झालाय, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात आणि पाणी कुणाच्या ठाणाकडे वळतं, हे सगळं तो अर्ध्या तासात दाखवून देतो. हातात खडू ठेवायचा आणि तिथल्या तिथे भिंतीवर खुणा करायच्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की यातलं काही आठवत नाही. इथून मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, साधारण तीन आठवडे हातात असतात. आमची चार जनावरं आहेत, पुण्याजवळ दिवे घाटाच्या खाली, वडकीच्या बाजूला: दोन घोड्या, एक खच्ची केलेला घोडा मल्हार आणि दीड वर्षाचं शिंगरू. घरी दोन-पाच घोडी सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावी म्हणून ही तयारी सविस्तर लिहिते आहे.

पत्र्यानंतर पायाखालची जमीन. चारही घोड्यांना एकाच वेळी कोरड्यात उभं राहता येईल एवढी जागा आहे का, हे मोजून बघा. कळपात एक दांडगी घोडी असतेच. जागा थोडी कमी पडली की ती दारात आडवी उभी राहते आणि सगळ्यांत गरीब जनावर रात्रभर भिजतं. आमच्याकडे शिंगरू तसं भिजायचं, म्हणून आम्ही शेडला दुसऱ्या बाजूनेही वाट काढली. दोन वाटा असल्या की कुणी कुणाला कोंडू शकत नाही.

दारासमोरची जागा सर्वांत आधी चिखल होते, कारण चारी जनावरं तिथेच पाय आपटत उभी असतात. काळ्या मातीत खूर रुततो आणि उपसून काढताना नाल तिथेच राहते. त्यावर इलाज मुरमाचा. खाली दगडाचं सोलिंग, वर सहा इंच मुरूम. वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद जागेला हिशेबाने एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून सव्वा ब्रास सांगा. हे काम मे महिन्यातच पाणी मारून, रोलर फिरवून संपवावं. जूनमध्ये टाकलेला मुरूम चिखलात मिसळून जातो आणि पैसे वाया जातात. आतल्या अंथरुणासाठी लाकडाचा भुसा आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पोत्यांनी आणतो. तो वाळलेला आहे ना, हे पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं.

आता चारा. यात माझ्याकडून चूक झालेली आहे, म्हणून इथे थोडं थांबते. एका वर्षी कडब्याची गंजी आम्ही शेडमध्ये थेट फरशीवर रचली. वरून ताडपत्री होती, छप्पर पक्कं होतं, सगळं नीट दिसत होतं. ऑगस्टमध्ये थोरली घोडी खोकायला लागली. खाताना खोकायची, चालवली की जास्त. खालचे दोन थर उपसले तेव्हा पांढरी भुकटी उडाली. ओल जमिनीतून वर चढली होती आणि रोज कुट्टीबरोबर ती बुरशी आम्हीच तिच्या नाकाशी नेत होतो. तिचा श्वास पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून चारा लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, भिंतीपासून फूटभर लांब रचतो आणि दर पंधरा दिवसांनी खालची एक पेंढी ओढून वास घेतो. घोड्याला उलटी होत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच जाणार, त्यामुळे बुरशी आलेली पेंढी वरून झटकून घालू नका. ती सरळ खतात टाका.

किती चारा साठवायचा याचा अंदाज वजनावरून येतो. शिवणकामाच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८० केलं की किलोत वजन येतं. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर साधारण ३०० किलो. वजनाच्या दोन टक्के सुका चारा धरा, म्हणजे या घोडीला रोज ६ किलो. आमच्या तीन मोठ्यांना आणि शिंगराला मिळून रोज २२ किलो लागतो. १२० दिवसांचे २,६४० होतात आणि नासधूस धरून आम्ही तीन टन भरून ठेवतो. हेच वजन जंताच्या औषधाच्या मात्रेलाही लागतं, म्हणून वहीत लिहून ठेवा.

कडबा शेकड्याच्या भावाने घेताना मधली पेंढी सोडवून बघावी. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा दरवर्षी सांगतात, "ताई, वरची पेंढी दाखवायची असते, खालची विकायची असते." नुसत्या कडब्यावर घोडी ठेवू नये. ताटं जाड असतात आणि पोटात अडकतात. आम्ही निम्मं वाळलेलं डोंगरगवत मिसळतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी पडली म्हणून शेजारच्या गोठ्यातली किंवा पोल्ट्रीची पेंड घोड्याला कधीही घालू नका. कोंबड्यांच्या आणि कधी कधी गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते त्यांना चालतं, पण घोड्याच्या हृदयावर घाला घालतं. थोड्या मात्रेतही घोडं दगावतं. पोती वेगळ्या खोलीत, झाकणाच्या पिंपात ठेवा आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडी सांगा. पावसाने फेरफटका बंद झाला तर त्याच दिवशी हरभऱ्याची चंदी कमी करा. उभ्या घोड्याला पूर्ण खुराक देणं म्हणजे पाठीचे पुठ्ठे आखडण्याला आमंत्रण.

चाऱ्याची शेवटची गाडी पालखीच्या आधी आली पाहिजे. माउलींची पालखी पुण्यातल्या मुक्कामानंतर दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची हडपसरवरून लोणी काळभोरकडे. तिथीप्रमाणे जून किंवा जुलैतले ते दिवस आमच्या बाजूचे दोन्ही रस्ते गाड्यांना बंद असतात, त्यामुळे औषध, भुसा, डॉक्टर सगळं आधी उरकून घ्यावं लागतं. गर्दीने आणि टाळमृदंगाने घोडी बिथरतात, म्हणून त्या दिवशी त्यांना मागच्या आवारात नेऊन ठेवतो आणि पुढ्यात भरपूर गवत टाकतो. मी मात्र रस्त्यावर जाऊन थांबते. बेळगावकडच्या अंकलीहून चालत आलेले ते दोन अश्व, एकावर स्वार आणि दुसरा माउलींचा म्हणून मोकळा, एवढ्या लाखांच्या गर्दीतून ज्या शांतपणे जातात ते बघितलं की घोड्याला माणसाने किती विश्वासाने वाढवलं असेल याचा अंदाज येतो.

नालबंदाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली पक्की करा आणि त्याच वेळी पुढची, सहा ते आठ आठवड्यांनंतरची, मागून घ्या. पुण्यात रेसचा हंगाम पावसाळ्यातच असतो. जुलै उजाडला की चांगला नालबंद मिळवायला मला चार-चार फोन करावे लागतात. पावसाळ्यात आम्ही मागच्या पायांच्या नाला काढूनच टाकतो. खूर कोरायचे दोन हूक हवेत, कारण एक हमखास चिखलात हरवतो. रोज संध्याकाळी चारही खूर उचलून कोरायचे. तळव्यातल्या त्रिकोणी गादीच्या खाचेत काळं दिसलं आणि कुजका वास आला तर तिथे सडायला सुरुवात झाली आहे. ब्रशने साफ करून, कापसाने पूर्ण कोरडं करून मगच पोव्हिडोन आयोडीन लावायचं. ओल्यावर लावलेलं वाहून जातं.

आमची धाकटी घोडी पंचकल्याणी आहे, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. लोक तिला शुभ म्हणून हात लावून जातात. मी पावसाळ्यात तिचेच पाय आधी बघते, कारण पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी चिखलाने लवकर फुटते. घोट्याच्या मागे खपल्या दिसल्या तर ओरबाडू नका आणि रोज धूत बसू नका. चिखल वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा. पाठीवर केसांचे झुपके खपलीसकट निघत असतील तर खरारा, म्हणजे अंग घासायचा ब्रश, प्रत्येकीचा वेगळा ठेवा. त्यासाठी मे महिन्यातच चार खरारे, जुने टॉवेल आणि गोणपाट जमा करून ठेवतो. ताडपत्र्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी स्वस्तात मिळतात. दोर आणि कड्या बोहरी आळीतून.

माश्या हा दिसायला किरकोळ त्रास आहे, पण मोठ्या चावऱ्या माश्या सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप येऊन-जाऊन राहिला, खाऊनही जनावर झडत चाललं, पोटाखाली किंवा पायांवर सूज आली तर ताप असतानाच रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. चार घोड्यांची रोज पन्नास-साठ किलो लीद निघते. ती शेडपासून लांब, उताराच्या बाजूला टाका आणि आठवड्याच्या आत तिथून हलवा, म्हणजे माशीची पिढी पूर्ण होत नाही. नर्सरीवाले आनंदाने नेतात. बंद पागेत कडुनिंबाचा धूर करू नका, तो घोड्यांच्याच छातीत बसतो. पंखा बरा. त्याची वायर घोड्याच्या तोंडापासून लांब आणि अर्थिंग तपासलेलं असावं.

डॉक्टरांना मे अखेर बोलावून धनुर्वाताची आणि रेबीजची लस उरकून घ्या. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो आणि पावसात खिळा-पत्रा लागतोच. नवं जनावर आणणार असाल तर तीन आठवडे वेगळं ठेवा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्या. या रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो आणि त्याची खबर देणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री कुणीच मिळालं नाही तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. पोटशुळाने घोडं लोळायला लागलं तर पुढ्यातलं खाणं काढा, जमेल तसं हळू चालवा आणि फोन करा. बाटलीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत सगळीकडे हिरवं दिसू लागतं आणि घोडी कुंपणाला रेलतात. कोवळं गवत पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचं. त्याआधी कुंपणालगत एक चक्कर मारून कण्हेर, घाणेरी आणि गाजर गवत उपटून टाका. बांधावरच्या कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात. शेजाऱ्यांच्या ज्वारीचे कोवळे फुटवेही नकोत.

वीज गेली की मोटर बंद. चौघांचं पाणी रोज दीडशे लिटर धरून तीन दिवसांची पाचशे लिटरची टाकी आम्ही भरून ठेवतो. खोगिरं तेल लावून हवेशीर टांगायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाहीत.

शेवटचं काम रोहिणी संपता संपता, एखाद्या शांत सकाळी. घोडी विश्रांतीत असताना प्रत्येकीचा ताप, नाडी आणि श्वास मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ हे मोठ्या घोड्याचे सर्वसाधारण आकडे. शिंगराची नाडी थोडी जास्त असते. मल्हारची नाडी नेहमी ३२ असते. जुलैतल्या एका रात्री ती ५६ लागली, तेव्हा तो अजून लोळतही नव्हता, नुसता कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्या पानामुळे आम्ही डॉक्टरांना अकरा वाजताच उठवलं.