जुनी लेन्स विकताय? मग एवढं कराच

हौशी फोटोग्राफर लोकांना कॅमेऱ्याची लेन्स विकायची तर आधी जाहिरातीत किंमत सरळ लिहा, 'मेसेज करा, सांगतो' वालं नाटक कोणालाच आवडत नाही. फोटो स्वतः काढलेले हवेत, शेजारी नाव-तारखेची चिठ्ठी ठेवा म्हणजे वस्तू खरंच तुमच्याकडे आहे हे कळतं. मग अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, त्याचाही फोटो टाका, लपवून काय उपयोग, घेणारा घरी पोचल्या पोचल्या टॉर्च मारणारच आहे! जो आधी 'घेतो' म्हणाला त्यालाच द्यायची, नंतर कोणी जास्त देतोय म्हणून फिरायचं नाही (ही मंडळी विसरत नाहीत बरं). कुरिअरचा खर्च कोणाचा तेही आधीच बोला, आणि विकली की लगेच 'विकली' लिहून टाका.