तळघरातला बंब: फर्नेस बदलायच्या खर्चाचा हिशेब

जानेवारी २०२५. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातलं आमचं घर, बाहेर शून्य फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे १८. पहाटे चारला तीन महिन्यांचं बाळ रडायला लागलं म्हणून उठले, तर फरशी बर्फासारखी गार. थर्मोस्टॅटवर घरातलं तापमान ५८ फॅरनहाइट. बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई शाल गुंडाळून हॉलमध्ये उभ्या. म्हणाल्या, "अगं, तुमचा खालचा बंब विझला वाटतं."

बंब! गेली आठ वर्षं मी या देशात फर्नेस नावाच्या, तळघरात गॅस जाळून घर गरम करणाऱ्या पेटीला घाबरत होते, आणि आईंनी एका शब्दात ती समजावून दिली. बंबात मधल्या नळकांड्यात जाळ असतो आणि भोवती पाणी. जाळ पाण्याला शिवत नाही, तापलेला पत्रा पाणी तापवतो आणि धूर वरून जातो. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा. मधल्या पत्र्याच्या नळ्यांना म्हणायचं हीट एक्स्चेंजर. बंबाचं नळकांडं गळलं तर पाणी जाळात पडतं. इथे चीर पडली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरभर फिरणाऱ्या हवेत मिसळू शकतो. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या कोटमधल्या, म्हणजे कंत्राटदाराच्या लेखी किंमतपत्रकातल्या, निम्म्या ओळी वाचता येतात.

सकाळी नऊला पहिला टेक्निशियन आला. वीस मिनिटं खाली होता. वर येऊन म्हणाला, धूर बाहेर ढकलणारी इंड्यूसर मोटर गेली आहे, पण दुरुस्तीत अर्थ नाही, कारण एक्स्चेंजरला चीर आहे. नवा फर्नेस ८,९०० डॉलर, सोबत एसी घेतला तर १४,२००, आणि हा भाव फक्त आजचा. मी म्हटलं, चीर दाखवा. तर म्हणे, कॅमेरा गाडीत नाही. बाळ रडतंय, आई शालीत, नवरा 'सही करून टाक' अशा चेहऱ्याने बघतोय. मी व्यवसायाने अकाउंटंट आहे. ज्या बिलाला व्हाउचर नाही ते मी पास करत नाही, एवढ्या एका सवयीने त्या दिवशी वाचवलं.

दुपारी दुसऱ्याला बोलावलं. त्याने बारीक कॅमेरा नळ्यांमध्ये घालून मला फोनवर चित्र दाखवलं. गंज होता, चीर नव्हती. मोटर बदलून, धुरातल्या आणि घरातल्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मोजून त्याने ६४० डॉलर घेतले. जाताना सांगितलं, पेटी १९९९ ची आहे, पुढच्या हिवाळ्यावर भरवसा ठेवू नका. साधारण पंधरा ते वीस वर्षं आयुष्य असतं, आमच्या पेटीने पंचविशी ओलांडली होती.

एक सांगून ठेवते, चीर खरीच दिसली तर घासाघीस करत बसायचं नाही. फर्नेस बंद, गॅसची तोटी बंद. इलिनॉयमध्ये झोपायच्या खोल्यांपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या राज्यात नसलं तरी लावा. आणि दुरुस्ती होईपर्यंत विजेचे छोटे हीटर वापरणार असाल तर एका सर्किटवर एकच. दीड हजार वॅटचे दोन लावले की ब्रेकर पडतो; आमचा दोनदा पडला.

आता त्या ६४० डॉलरचा हिशेब. मरायला टेकलेल्या पेटीवर एवढे पैसे घालणं वेडेपणा, असं आमच्या ओळखीत सगळ्यांनी ऐकवलं. पण मी ते पेटीवर घातलेच नव्हते. मी तीन महिने विकत घेतले. एप्रिलमध्ये, जेव्हा ना हीटिंगची घाई ना एसीची, तेव्हा चार कोट घेतले आणि जानेवारीतल्या ८,९०० च्या जागी ६,४५० ला काम झालं. दुरुस्ती वजा जाता १,८१० शिल्लक. म्हणून तुमचा फर्नेस चालू असतानाच आज खाली जा आणि त्याच्या दारामागची पट्टी वाचा. सिरियल नंबरात जन्मसाल असतं. गुडमन कंपनीच्या नंबरात पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन महिना; कॅरियर आणि ब्रायंटमध्ये पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पंधरा वर्षं उलटली असतील तर कोट मागवायला थंडीची वाट बघू नका.

त्याच पट्टीवर दुसरा आकडा असतो तो बीटीयूचा, म्हणजे पेटी तासाला किती उष्णतेचा गॅस जाळते त्याचा, आणि खरा घोळ तिथे आहे. आमच्या पेटीवर १,००,००० लिहिलं होतं. चारपैकी तिघांनी न मोजता 'तेवढाच बसवू' म्हटलं. ही मोठी चूक, कारण बिल्डर लोक सर्रास गरजेपेक्षा मोठी पेटी बसवून मोकळे होत. मोठा फर्नेस पाच मिनिटं धडधडून बंद होतो, परत पेटतो, परत बंद. एक खोली भाजते, दुसरी गारठते आणि सुटे भाग लवकर झिजतात. लग्नाच्या पंगतीचं पातेलं रोजच्या आमटीला चढवल्यासारखं.

योग्य आकार काढायची रीतसर पद्धत म्हणजे मॅन्युअल जे नावाची गणना: भिंती, खिडक्या, इन्सुलेशन, सगळं मोजून. कोट देणाऱ्याला 'ती करणार का' असं जरूर विचारा. पण एक घरगुती पडताळणी मी स्वतः केली. स्मार्ट थर्मोस्टॅट फर्नेस किती वेळ चालला त्याची नोंद ठेवतो. शून्य फॅरनहाइटच्या त्या रात्री, बंद पडण्याआधी, आमचा फर्नेस तासाला साधारण ३३ मिनिटं चालत होता. पेटी १,००,००० बीटीयू गॅस खाते, पण कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे घरात येतात ८०,०००. ते गुणिले ३३ भागिले ६० बरोबर ४४,०००. आमच्या २,२०० चौरस फुटांच्या घराची कडाक्याच्या थंडीतली भूक एवढीच! ६०,००० बीटीयूचा ९६ टक्क्यांचा फर्नेस ५७,६०० देतो, म्हणजे वर तीस टक्के राखीव. हा कागद पुढे ठेवल्यावर चौथ्या कंत्राटदाराने पेन्सिल काढली, खिडक्या मोजल्या आणि ६०,००० वरच आला. काम त्यालाच दिलं.

कार्यक्षमतेचा हा टक्का म्हणजे एएफयूई. बाजारात दोन जाती. ८० टक्केवाला आपल्या बंबासारखा: धूर गरम, पत्र्याच्या नळीतून चिमणीत. ९० च्या वरचा धुरातली उष्णता इतकी पिळून घेतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि उरलेला धूर प्लास्टिकच्या पीव्हीसी नळीतून भिंतीबाहेर सोडता येतो. म्हणजे ८० वरून ९६ वर जाताना नुसती पेटी बदलत नाही. भिंतीला भोकं, नव्या नळ्या, त्या पाण्याला मोरी किंवा पंप, हे सगळं आलं. आणि एक छुपा खर्च: जुन्या चिमणीत फर्नेससोबत पाणी तापवणाऱ्या टाकीचाही धूर जायचा. फर्नेस निघाला की त्या एकट्या टाकीला चिमणी फार मोठी पडते, धूर वर चढत नाही, म्हणून आत धातूचं अस्तर घालावं लागतं. हे आईंना समजावत होते तेव्हा त्यांनी किंमत विचारली. रुपयात साधारण साडेपाच लाख म्हटल्यावर क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आणि एवढ्यात आंघोळीचं पाणीही तापत नाही?"

तर चार कोट असे होते. पहिला ४,३०० चा: ८० टक्के, एकाच जोराने जळणारा. दुसरा ५,६०० चा, ९६ टक्के, कागदावर सगळ्यात आकर्षक. पण शेवटच्या पानावर 'समाविष्ट नाही' अशी बारीक अक्षरातली यादी होती. गावचा परवाना १५०, पाण्याचा पंप २५०, चिमणीचं अस्तर ७००. बेरीज ६,७००. तिसरा १०,२०० चा, ९८ टक्के, ज्योत कणाकणाने कमीजास्त करणारा. चौथा ६,४५० चा, ९६ टक्के, दोन पायऱ्यांचा (एक मंद, एक पूर्ण जोराची), वरचं सगळं धरून, मजुरीची हमी दोन वर्षं.

चारही रकमा एका ओळीत आणायच्या असतील तर प्रत्येकाला लेखी विचारा: मॉडेल नंबर काय, परवाना कोण काढणार, जुनी पेटी कोण नेणार, नळ्या आणि अस्तर धरलंय का, मजुरीची हमी किती. मॉडेल नंबर द्यायला जो कां कू करतो त्याला चहा पाजून निरोप द्या. ब्रँडवर फार डोकं खपवू नका. कॅरियर आणि ब्रायंट एकाच घरचे, ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड एकाच घरचे, गुडमन आणि अमाना दोन्ही दायकिनच्या घरात. पेटी कुणाची यापेक्षा बसवणारा कोण, यावर तिचं आयुष्य जास्त अवलंबून असतं. बिलातला मोठा हिस्साही पेटीचा नसून मजुरी, गाड्या, विमा आणि ऑफिसचा असतो.

हप्त्याच्या मोहाबद्दल दोन शब्द. साठ महिने शून्य टक्के व्याज, असं तिसऱ्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं. मी विचारलं, रोख दिले तर किती? लगेच ८०० खाली. अशा योजनांत वित्त कंपनी विक्रेत्याकडून शुल्क घेते आणि ते किमतीत मुरवलेलं असतं. रोखीचा भाव आधी, हप्त्याचं मागून.

९६ टक्के घेऊन पैसे परत मिळतात का? माझी रीत अशी. वर्षभराची गॅसची बिलं काढा. जुलैत हीटिंग नसतं, तेव्हा ते बिल म्हणजे स्वयंपाक, आंघोळ आणि ठरलेला आकार. ते गुणिले बारा, आणि वर्षाच्या बेरजेतून वजा. आमचं वर्षाचं १,२६०, जुलै ३०, म्हणजे ३६० वजा जाता हीटिंग ९००. ते गुणिले ८० भागिले ९६ बरोबर ७५०. वर्षाला बचत १५० डॉलर. पहिल्या आणि चौथ्या कोटातला फरक २,१५०. फिटायला चौदा वर्षं! विक्रेत्याच्या रंगीत तक्त्यात तो पाच वर्षांत फिटत होता. नुसत्या पैशाकडे बघितलं तर ८० टक्केवाला वाईट नाही, आणि डॅलस किंवा अटलांटासारख्या कमी थंडीच्या गावी राहत असते तर तोच घेतला असता. मी ९६ घेतला तो दुसऱ्या कारणांनी: तो जाळाला लागणारी हवा नळीतून बाहेरून ओढतो, घरातली तापलेली हवा खात नाही, आणि पहिल्या पायरीवर इतका हळू चालतो की बाळाची झोप मोडत नाही. ही चैन आहे, बचत नाही, हे वहीत स्पष्ट लिहून ठेवलंय.

केंद्र सरकारची करसवलत गॅस फर्नेसला किमान ९७ टक्क्यांवर, जास्तीत जास्त ६०० डॉलर होती. आमचा ९६ चा बसलाच नाही. आता तो प्रश्नही उरला नाही, कारण ती सवलत २०२५ च्या अखेरीला संपली. २०२६ मध्ये कुणी कोटमध्ये ती वजा करून दाखवत असेल तर तो कोट परत करा. तुमच्या गॅस कंपनीची सवलत वेगळी असते, ती दरवर्षी बदलते, कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

एसी सोबत घ्यावा का? जुना असेल तर एका मजुरीत दोन्ही होतात, आणि एसीचं कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसतं. पण आमचा सात वर्षांचाच होता. शिवाय २०२५ पासून जुन्या आर-४१०ए या गारवा देणाऱ्या वायूची नवी घरगुती यंत्रं बनवणं थांबलं आणि नव्या वायूच्या यंत्रांचे भाव चढले होते. 'जुना वायू आता मिळणारच नाही' ही भीतीही घालतात. चालू यंत्राच्या दुरुस्तीसाठी तो मिळतो. आम्ही एसी ठेवला.

बसवल्यावर दोन कामं त्याच आठवड्यात करा. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर नोंदवा. बहुतेकांची मुदत ६० किंवा ९० दिवसांची असते आणि ती चुकली की सुट्या भागांची हमी सहसा दहा वर्षांवरून पाचवर येते. 'आम्ही करतो' असं कंत्राटदार म्हणाला तरी नोंदणीची पावती मागा. दुसरं, गावच्या इन्स्पेक्टरची तपासणी होईपर्यंत शेवटचा चेक देऊ नका. कोटवर सही करतानाच तसं लिहून घ्या. आमच्याकडे इन्स्पेक्टरने पाण्याच्या नळीचा उतार चुकलाय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस येऊन फुकट करून गेला.

आणि बर्फ पडला की बाहेर जाऊन त्या दोन पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांची तोंडं झाडून मोकळी करा. ती बुजली तर नवाकोरा फर्नेसही पेटत नाही, आणि दीडशे डॉलर घेऊन येणारा टेक्निशियन तेच काम हातमोज्याने करून जातो.