गायिका, ऑर्केस्ट्रा आणि डबल किक: सिम्फनिक पॉवर मेटल अल्बम बांधताना

सिम्फनिक पॉवर मेटलचा, म्हणजे ऑर्केस्ट्रासह वाजणाऱ्या वेगवान मेटलचा, मिक्स (सगळे ट्रॅक जमवून केलेलं मिश्रण) गढूळ वाटला की दोष बहुधा रचनेत असतो. दोन गिटार, बास, अखंड धावणारी डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम), भरगच्च ऑर्केस्ट्रा, क्वायर (समूहगायन) आणि या सगळ्यांवर एका बाईचा आवाज. सगळे एकाच सप्तकात एकदम बोलायला लागले तर ईक्यूने, म्हणजे ध्वनीतले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करून, त्यांना वेगळं काढता येत नाही. म्हणून इथे रचना आणि आवाज यांवर भर आहे. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, थोडक्यात उरकलंय.

पट्टी गायिकेची

बँडची सवय उलटी असते. रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी फ्रेज) मोकळ्या ई तारेवर छान बसतो म्हणून गाणं ई मायनरमध्ये, आणि मग गायिकेने जमवून घ्यायचं. असं करू नका. कोरसची चाल नुसत्या पियानोवर वाजवा, गायिकेकडून ती अर्धा-अर्धा सूर चढवत पाच पट्ट्यांत गाऊन घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजाला, साधारण ई५ ते एफ-शार्प५ च्या आसपास (अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा) एक वळण लागतं, तिथे आवाजाची जात बदलते. मेझोचं, म्हणजे त्याखालच्या आवाजाचं, वळण थोडं खाली. कोरसमधले लांब टिकवायचे सूर नेमके त्या वळणावर आले, तर एक ओळ दमदार आणि पुढची पातळ लागते. लांब सूर वळणाच्या खाली ठेवा, नाहीतर सरळ पलीकडे न्या. वळणावरून फक्त जाता-येता जावं.

पट्टी ठरली की गिटारचं ट्यूनिंग तिच्यामागे जाऊ द्या. डी मायनर आलं तर सगळ्या तारा एक सूर उतरवा. खालची तार ७३ हर्ट्झवर येते आणि ते वजन या संगीताला शोभतं. शेवटचा कोरस एक सूर वर नेण्याची या प्रकारात जवळपास प्रथाच आहे. तो न्यायचा असेल तर हिशोब तिथून मागे करा: आधी शेवटच्या कोरसची पट्टी, मग पहिल्याची.

आवाजाची शैलीही आधीच ठरू द्या. नाइटविश या सिम्फनिक मेटल बँडमधली २००५ पर्यंतची तार्या तुरुनेनची गायकी आणि त्याच बँडमध्ये नंतर आलेल्या फ्लोर यान्सेनची गायकी शेजारी ठेवून ऐका. पहिलीत शास्त्रीय, गोलाई असलेला आवाज आहे. दुसरीत रॉकचा धारदार जोरही आहे आणि गरज पडली की ऑपेराचा सूरही. गोल आवाजाभोवती गिटारना मोकळी जागा ठेवावी लागते. धारदार आवाज गिटारच्या भिंतीतूनही बाहेर येतो, पण व्हायोलिनशी भांडतो.

शब्द लिहिणाऱ्यासाठी एक गोष्ट, आणि हिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ‘इ’ आणि ‘उ’ हे स्वर ओळखू येतात ते ३०० ते ४०० हर्ट्झजवळच्या अनुनादामुळे. ई५ चा मूळ सूरच ६५९ हर्ट्झचा. म्हणजे अनुनाद सुराच्या खाली राहिला. गायिकेने कितीही नेटाने ‘इ’ म्हटली तरी ऐकणाऱ्याला ती ‘ए’ किंवा ‘आ’कडे झुकलेलीच ऐकू येते, आणि ती जबडा आवळून बसली तर सूरही चिरका होतो. उंच, लांब सुरांवर ‘आ’, ‘ओ’ असलेले शब्द टाका. अर्थाचे नाजूक शब्द व्हर्समध्ये (कडव्यात), खालच्या सप्तकात ठेवा.

कोण कुठे वाजवणार

डिस्टॉर्शन असलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवली की तिचा तिसरा सूर बाकीच्या सुरांशी मिसळून नकोशा बेरजा-वजाबाक्या तयार करतो. ऐकू येते ती नुसती खरखर. म्हणून गिटारनी फक्त मूळ सूर आणि पाचवा वाजवावा. तिसरा सूर, म्हणजे गाणं मेजर की मायनर हे सांगणारा सूर, ऑर्केस्ट्रा आणि क्वायरला द्या. एवढ्या एका नियमाने अर्धा गोंधळ मिटतो.

व्हायोलिननी गायिकेची चाल तिच्याच सप्तकात वाजवू नये. डेमोत ते भव्य वाटतं, मिक्समध्ये शब्द खातं. एक सप्तक वर न्या, किंवा ती श्वास घेते तिथे उत्तर द्यायला लावा. फ्रेंच हॉर्न गिटारच्या मधल्या पट्ट्यातच राहतात. गिटारनी कॉर्ड धरून ठेवली असेल तिथेच त्यांना चाल द्या. डबल किक चालू असताना टिंपनीची घुमक ठेवू नका, टिंपनी फक्त ठोक्यांच्या जागी. बास गिटार वाजत असताना डबल बास ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा.

वेगाचं गणितही करून ठेवा. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० मात्रा) सोळावा भाग, म्हणजे मात्रेचा चौथा हिस्सा, ८३ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे सेकंदाला १२ ठोके. सॅम्पल लायब्ररीतला (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहातला) स्पिकाटो, म्हणजे गज उडवत वाजवलेले तुटक सूर, या वेगाला घुसमटतो. चेलोंना आठव्या भागाच्या सुरांवर ठेवा, सोळावे किकला आणि गिटारला सोडा.

ऑर्केस्ट्रा मागे का पडतो

लेगाटो (जोडून वाजवलेल्या सुरांच्या) सॅम्पलमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जायला वेळ जातो, आणि तो प्रत्येक लायब्ररीत वेगळा असतो. सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (ठोक्यांच्या रेघांवर) तंतोतंत बसवलेली व्हायोलिन त्यामुळे ड्रमच्या मागे रेंगाळतात. ट्रॅकला उणे डिले द्या: मेट्रोनोम लावा, सूर नेमका ठोक्यावर ऐकू येईपर्यंत ट्रॅक अलीकडे ओढा, म्हणजे थोडा आधी वाजू द्या. लेगाटो आणि स्पिकाटो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, कारण दोघांचा उशीर एक नसतो.

दुसरी खोड म्हणजे सपाटपणा. लांब सुरांचा जोर कीबोर्डच्या मॉड्युलेशन व्हीलने (बाजूच्या चाकाने) हाताने काढा, सूर धरला की थोडा फुगला पाहिजे. शक्य असेल तर एका खऱ्या व्हायोलिनवादकाकडून मुख्य चाल तीनदा वाजवून घ्या आणि सॅम्पलच्या खाली हलकी मिसळा. खऱ्या गजाची घासट कानावर पडली की बाकीच्या सॅम्पलवरही कान विश्वास ठेवतो.

ड्रम, बास, गिटार

किकची शेपटी ८३ मिलिसेकंदांहून लांब असेल तर ठोके एकमेकांवर चढतात आणि वेगवान भागात नुसती गुरगुर उरते. गेटने (ठराविक पातळीखालचा ध्वनी बंद करणारं साधन) किंवा ट्रान्झियंट डिझायनरने (ठोक्याची सुरुवात आणि शेपटी वेगवेगळी कमीजास्त करणारं साधन) ती छाटा. ठोक्याची टोकदार टकटक ४ किलोहर्ट्झच्या आसपास मिळेल. सगळे ठोके एकाच जोराचे ठेवले तर टाइपरायटर वाजतो, म्हणून दर दुसरा ठोका किंचित हलका.

ऱ्हिदम गिटारचे दोन वेगळे टेक (वेगवेगळ्या वेळी वाजवून केलेली रेकॉर्डिंग), एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. कॉपी करून सरकवलेला टेक चालत नाही. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, आपल्याला हवासा वाटतो त्याहून कमी ठेवा. दोन टेक एकत्र आले की जाडी आपोआप येते. ८० ते १०० हर्ट्झच्या खाली आणि १० किलोहर्ट्झच्या वर गिटारचं काही काम नाही. बासचे दोन भाग करा: २०० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ आणि दाबलेला, वरचा डिस्टॉर्शनमधला.

आवाज रेकॉर्ड करताना

मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक, पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चे फटके अडवणारी जाळी), आणि माइकपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर. उंच सुरांवर गायिकेने मागे सरकावं, तेही दर टेकला सारख्याच अंतराने. शांत ओळीवर लेव्हल लावू नका. शेवटच्या कोरसचा सर्वांत उंच सूर पूर्ण जोरात गाऊन घ्या आणि तो उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये लेव्हल खाली ठेवली तरी गोंगाटाची चिंता नसते.

सलग दोन तासांच्या पुढे ताणू नका. आधी व्हर्स, आवाज तापला की कोरस, शेवटी हार्मनी. उंच कोरस शेवटाला ठेवले की ते थकलेले ऐकू येतात आणि त्यावर कोणताही प्लगइन चालत नाही.

डबल टेक घेताना गायिकेला कंप न देता सरळ सूर लावायला सांगा. दोन टेकमधले कंप कधीच जुळत नाहीत आणि त्यांच्या भांडणात सूर बेसूर वाटतो. पिच करेक्शनही (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) जपून: जलद सेटिंग लावलं की सेकंदाला पाच-सहा वेळा होणारा नैसर्गिक कंप सपाट होतो. चुकलेला सूर हाताने, त्याच्या मध्यापुरता सरकवा.

क्वायरसाठी तीन-चार माणसं पुरतात. प्रत्येक आवाजपट्टीचे किमान चार टेक, दर टेकला माइकपासून वेगळ्या अंतरावर उभं राहून. ओळीच्या शेवटचे ‘स’, ‘ट’, ‘क’ एकाच टेकमध्ये उच्चारा, बाकीच्यांनी तोंड उघडं ठेवून सूर सोडावा. नाहीतर ओळ संपते तिथे एकच ‘स’ बारा ठिकाणी फुटतो, आणि ते एडिट करण्यात दिवस जातो.

मिक्स

आधी ड्रम आणि आवाज जमवा, मग गिटार, शेवटी ऑर्केस्ट्रा. गायिकेच्या आवाजावर एका भारी कंप्रेसरऐवजी (कंप्रेसर जोराचे भाग दाबतो) दोन हलके: पहिला जलद, तीन-चार डेसिबल, दुसरा संथ, दोन-तीन. त्याआधी लेव्हल हाताने सारखी केलेली असावी. उंच सुरांचा चिरकेपणा २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. तो कायमचा कापला तर खालच्या ओळी मंद होतात, म्हणून तिथे डायनॅमिक ईक्यू, जो गरज पडेल तेव्हाच कापतो. ऑर्केस्ट्राच्या बसवर (सगळ्या वाद्यांच्या एकत्र वाटेवर) त्याच पट्ट्यात, आवाज चालू असतानाच, दोन डेसिबलची घट पुरते. रिव्हर्बला (कृत्रिम घुमारा) ६० ते ८० मिलिसेकंदांचा प्रीडिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर, द्या आणि त्याचा ३०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. शब्द पुढे राहतात, मागे सभागृह ऐकू येतं.

पहिला कोरस आदळत नसेल तर मास्टर वाढवू नका. ऑर्केस्ट्राचा इंट्रो चार-सहा डेसिबल खाली घ्या. लिमिटर (ठराविक पातळीवर ध्वनी जाऊ न देणारं साधन) इंट्रोतच दमला असेल तर बँड आत आल्यावर त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. स्ट्रीमिंगवर बहुतेक ठिकाणी गाण्याची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) जवळ आणला जातो, तेव्हा शेवटच्या अर्ध्या डेसिबलसाठी किक चपटी करण्यात अर्थ नाही. ट्रू पीक, म्हणजे ध्वनीचं खरं सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबलवर ठेवा.

मिक्स बंद करण्यापूर्वी स्टेजसाठी वेगळे स्टेम (एकेका गटाचे स्वतंत्र ट्रॅक) काढून ठेवा: तंतुवाद्यं, ब्रास, क्वायर, तालवाद्यं आणि क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक). क्लिकचं आउटपुट वेगळं, ते फक्त ड्रमरच्या कानात जावं. क्वायरच्या स्टेममधून मुख्य गायिकेचे टेक मात्र वगळा.