गोल सुईवर टाके घालताना

गोल सुई म्हणजे नायलॉनच्या लवचीक दोरीने जोडलेल्या दोन आखूड सुया. सरळ सुयांवर वर्षानुवर्षे स्वेटर विणणाऱ्या अनेक जणी तिच्या वाटेला जात नाहीत, कारण तिच्यावर टाके घालण्याची रीत निराळी असावी असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात टाके नेहमीसारखेच घालायचे असतात. जपावे लागते ते शेवटचा टाका पहिल्याला जोडताना.

उदाहरणासाठी मोठ्या माणसाची टोपी घेऊ. मध्यम जाडीची लोकर आणि ४.५ मिमीची, टोकापासून टोकापर्यंत ४० सेंमी लांबीची सुई घ्यावी. जुन्या क्रमांकांनुसार ही ७ नंबरची सुई होते. त्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे खरेदी करताना ध्यानात असावे. ६० किंवा ८० सेंमीची सुई टोपीला चालत नाही, कारण टाके दोरीभर ताणले जाऊन टोके एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. नवी दोरी वेटोळे सोडत नसेल, तर ती मिनिटभर गरम पाण्यात बुडवून हाताने सरळ करावी.

आधी नमुन्याचा चौकोन विणून पाहावा. १० सेंमीमध्ये २० टाके बसत असतील, तर ५० सेंमी घेराच्या टोपीला १०० टाके लागतात. काठ दोन सुलट, दोन उलट असा विणायचा असल्यास टाक्यांच्या संख्येला चारने भाग जायला हवा. लोकरीचे शेपूट किती सोडायचे, हा प्रश्न नेहमीच पडतो. त्यासाठी लोकर सुईभोवती दहा वेळा गुंडाळून तेवढी लांबी मोजावी, तिची दहापट करावी आणि वर एक वीत सोडावी. नव्वदाव्या टाक्याला शेपूट संपण्याचा अनुभव एकदा घेतला, की ही वीतभर लोकर वाया गेली असे कधी वाटत नाही.

आता सुरगाठ मारून ती उजव्या हातातल्या सुईवर चढवावी; हाच पहिला टाका. शेपूट डाव्या अंगठ्यावर आणि गोळ्याकडचा धागा तर्जनीवर घेऊन दोन्ही धागे उरलेल्या बोटांनी तळव्यात धरावेत. सुईचे टोक अंगठ्यावरच्या पुढच्या धाग्याखालून वर न्यावे, तर्जनीवरचा धागा वरून पकडून अंगठ्याच्या फाशातून बाहेर काढावा, मग अंगठा सोडून टाका हलकेच ओढावा. काठ सैल राहावा म्हणून दोन सुया एकत्र धरून टाके घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण माझ्या मते त्याने फासे मोठे होतात, काठ आवळलेलाच राहतो. त्यापेक्षा दोन टाक्यांमध्ये किंचित अंतर सोडणे चांगले. दर वीस टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या धाग्याचा फास अडकवला, तर पुन्हा पुन्हा मोजावे लागत नाही. असे १०१ टाके घालावेत.

त्यानंतर काम टेबलावर ठेवावे, मांडीवर नव्हे. गोळ्याचा धागा उजव्या टोकाकडे असावा आणि टाक्यांखालची गाठींची कड संपूर्ण घेरात आतल्या बाजूला यावी. ही कड बोटाने चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. कुठे ती सुईवर चढून बाहेर आलेली लागली, तर तिथेच पीळ आहे. खात्री झाली की उजव्या सुईवरचा जादा टाका डाव्या सुईवर सरकवून तिथल्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र सुलट विणावा, धागा घट्ट ओढावा आणि फेरीची खूण म्हणून त्या टाक्याच्या आधी एक कडी अडकवावी. टाके १०० उरतात आणि जोडापाशी फट पडत नाही.

पहिली फेरी संपताना पीळ दिसला, तर तो दोरीवरून सरकवत जोडापाशी आणावा आणि शेवटच्या व पहिल्या टाक्यामधल्या एकेरी धाग्यावर सुई फिरवून सोडवावा. दुसरी फेरी झाल्यावर मात्र उसवण्यावाचून इलाज नाही. माझ्या पहिल्या टोपीत तो आठव्या फेरीला दिसला, आणि पुढे विणत राहिल्यास सरळ होईल या आशेवर मी आणखी चार फेऱ्या विणल्या; अखेर बाराही उसवल्या. ज्यांना जोडाची धास्ती वाटते त्यांनी पहिल्या दोन ओळी सरळ सुईप्रमाणे काम उलटवून विणाव्यात आणि मग जोडावे, कारण तेवढ्या रुंदीच्या पट्टीचा पीळ नजरेला लगेच दिसतो. काठाला राहिलेली छोटी फट नंतर शेपटाच्या धाग्याने शिवून टाकता येते.