दोन भिंतींमधलं घर: उजेडाचा प्रश्न असा सुटला

साताऱ्यातली आमची जुनी जागा 18 फूट रुंद, 60 फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पहिल्या नकाशात मधल्या दोन्ही खोल्या अंधाऱ्या. आई म्हणाली, "भर दुपारी दिवा लावून डाळ निवडायची का?" तेच वाक्य मी आर्किटेक्ट मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी जिना हलवून घराच्या मधोमध 8 बाय 10 फुटांचा चौक काढला, वाड्यात असायचा तसा. एक खोली लहान झाली, होऊ दे. शेजारच्या दगडी भिंतीचा पाया उघडा पडू नये म्हणून आमचे कॉलम आत सरकवले, खोदाईही टप्प्याटप्प्याने केली. नकाशा पक्का करण्याआधी जागेवर फक्कीने खोल्या आखल्या आणि आईला त्यातून फिरवलं. स्वयंपाकघराचं दार तिनेच हातभर सरकवायला लावलं.