एसी चालू, पण खोली तापलेलीच? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या घरात गेला की रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच असतो. अशात एसीचा पंखा फिरतोय आणि हवा मात्र कोमट येतेय, म्हणजे जिवाची काहिली. मग ‘थर्मोस्टॅट’ (खोलीचं तापमान पाहून गारवा चालू-बंद करणारा भाग) ‘गेला’ असं ठरवून मेकॅनिकला फोन जातो. त्याआधी एवढं पाहा.

सगळ्यात मोठी चूक घाईची. लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून गारवा देणारा पंप, लगेच लागत नाही. गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हावा म्हणून तो साधारण तीन मिनिटं मुद्दाम रोखलेला असतो. स्टॅबिलायझरही वेगळा वेळ घेतो. आपण मेन स्विच खालीवर करत राहिलो की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

रिमोटवर बर्फाच्या फुलाचं चिन्ह हवं. पंख्याचं असेल तर नुसता वाराच येणार. खोलीत २९ अंश असताना ३० लावलंत, तर कॉम्प्रेसर लागणारच नाही. बटण दाबल्यावर एसीचा ‘बीप’ ऐकू येतो ना, तेही बघा. नाही आला तर आधी सेल बदला.

आमच्या अमळनेरच्या घरी गोल बटणाचा जुना विंडो एसी आहे. एकदा तो पाचच मिनिटांत कट व्हायला लागला. दोन दिवस वडील घामाघूम होऊन ओसरीत झोपले, मला फार वाईट वाटलं. प्लग काढून पुढची जाळी उघडली, तर थर्मोस्टॅटची तांब्याची बारीक नळी क्लिपमधून निसटून थेट गार कॉइलला टेकलेली! खोलीतली हवा मोजायची सोडून ती कॉइलचा गारवा मोजत होती. नळी अलगद, न मुडपता परत क्लिपमध्ये बसवली, आणि एसी पूर्वीसारखा चालू लागला. अशा एसीचं बटण गार बाजूला फिरवताना ‘टक’ आवाज यायला हवा. खोली गरम असूनही तो कुठेच आला नाही, तर मात्र थर्मोस्टॅटवर संशय घ्या.

दुपारी व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझरचा आकडा वाचा. कॉम्प्रेसर नुसता घुमून बंद पडत असेल तर एसी बंदच ठेवा, ओढाताणीत तो जळतो. गच्चीवरच्या आउटडोअरला उन्हापासून वाचवायला गोणपाट गुंडाळू नका. त्याची गरम हवा अडते आणि तो ट्रिप होतो. सावली करा, पण चारही बाजू मोकळ्या ठेवून. वावटळीनं जाळीत भरलेली धूळ प्लग काढून धुवा. आतल्या कपॅसिटरला (मोटर सुरू करायला मदत करणारा डबीसारखा भाग) मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो.

‘गॅस संपलाय’ असं कुणी म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती जागा आधी दाखवायला सांगा, ती बुजवून घ्या आणि मगच गॅस भरून घ्या.