सेल्फ सुटत नाही? आधी बारीक वायर काढून बघा

इंजिन चालू झालं, चावी सोडली, तरी सेल्फ (इंजिन सुरू करून देणारी मोटर) किंचाळतोच आहे? लगेच इंजिन बंद करा. चावी काढूनही सेल्फ फिरत राहिला तर बॅटरीची निगेटिव्ह केबल उतरवा. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. चोर्ला घाटाकडे निघताना तो डिकीच्या तळाशी नको, हाताशी असावा. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवाच, नाहीतर नुसत्या सेल्फच्या जोरावर गाडी पुढे सरकते.

ही घाई उगाच नाही. सेल्फ 100 अँपिअरच्या वर करंट खातो आणि एका वेळी दहा-एक सेकंद चालण्यापुरताच बनवलेला असतो. शिवाय पिनियनला (सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाला) दात नऊ-दहा, तो फिरवतो त्या इंजिनच्या रिंग गिअरला शंभराच्या वर. इंजिन 2000 आरपीएमवर असताना पिनियन आत अडकला तर तो 20,000 च्या पुढे फिरतो. बेंडिक्समधला (पिनियन बसवलेल्या जोडातला) क्लच आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, वाचवतो, पण थोडाच वेळ.

आता दोष शोधू. निगेटिव्ह उतरलेली असतानाच सोलेनॉइडवरची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरची) चावीकडून येणारी बारीक वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा. चावी बंद ठेवून निगेटिव्ह क्षणभर टेकवा. ठिणगी पडू शकते, तोंड लांब ठेवा. सेल्फ फिरला तर सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. सोलेनॉइड बदला, अख्खा सेल्फ नको. दुकानात बऱ्याचदा पूर्ण सेल्फच गळ्यात मारतात.

फिरला नाही, तर निगेटिव्ह घट्ट बसवून त्या बारीक वायरवर मल्टिमीटर लावा. चावी बंद असूनही 12 व्होल्ट आले तर रिले (त्या वायरला करंट देणारा छोटा स्विच) उपसा. तरी व्होल्ट राहिले तर वायर कुठेतरी दुसऱ्या पॉझिटिव्हला लागली आहे. गेले तर त्याच नंबरचा दुसरा रिले बसवून बघा (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो). दोष गेला तर जुना रिले चिकटलेला; नाही गेला तर इग्निशन स्विच. चावी स्टार्टवरून आपोआप मागे येत नसेल तर लॉकची स्प्रिंग गेली, मीटरची गरजच नाही.

वायरवर काहीच नाही, तरी इंजिन चालू असताना घरघर येते? मग बेंडिक्स. सेल्फ उतरवा. पिनियन हाताने एकीकडे मोकळा फिरावा, दुसरीकडे आर्मेचरला धरूनच फिरावा. खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत पावसाळ्यात लाल चिखल शिरून शाफ्टच्या आट्यांवर वाळतो. वर कुणी ग्रीस थापलं असेल तर त्याचा लेपच होतो. पेट्रोलने धुऊन कोरडं करा, पातळ तेलाचा हलका हात पुरे. फोर्क (पिनियन सरकवणारा दांडा), त्याची स्प्रिंग आणि रिंग गिअरचे झिजलेले दात बघा. सेल्फचे बोल्ट ढिले असले तरी पिनियन तिरका होऊन अडकतो.

नवा सोलेनॉइड बसवण्याआधी बॅटरी मोजा. कॉन्टॅक्ट बहुधा कमी व्होल्टेजमुळेच थरथरून चिकटतात. उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली नको. अर्थिंगच्या केबलवर 0.3 व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसली तर टोकं घासून पुन्हा आवळा.